सळईवरचं वशिंड

ब्राझीलमध्ये भाजलेल्या मांसाच्या जेवणाला 'शुरास्को' म्हणतात आणि ते जिथे मिळतं ती 'शुरास्करिया'. तिथे जेवायची पद्धत आपल्या पंगतीच्या फार जवळची आहे. आपण ताटापाशी बसून राहायचं आणि वाढप्यांनी फिरायचं. वाढप्याला तिथे 'पासादोर' म्हणतात. त्याच्या हातात हातभर लांबीची सळई असते, तिच्यावर खडे मिठात भाजलेला मांसाचा मोठा तुकडा. सळईचं टोक तो ताटाशेजारी टेकवतो, सुरीने पातळ काप सोडवतो, आपण तो छोट्या चिमट्याने धरून ताटात घ्यायचा. आधी सॉसेज आणि कोंबडीची काळजं, मग बैलाच्या पाठीमागचा, वर चरबीचा थर असलेला पिकान्या, मग बरगड्या. टेबलावर दोन बाजूंना दोन रंगांची चकती असते. हिरवी बाजू वर म्हणजे 'वाढा', लाल बाजू वर म्हणजे 'पुरे'. माणशी दर ठरलेला, पोट भरेस्तोवर खा. या फिरत्या वाढपाचं नाव 'रोडीझियो', म्हणजे पाळीपाळीने. दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात त्याला 'एस्पेतो कोर्रिदो' म्हणतात. पळती सळई.

कामानिमित्त मी आठ महिने साओ पाउलोत होतो. दक्षिणेतून आलेला एक सहकारी मला कुरिचीबाकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या एका साध्या शुरास्करियात घेऊन गेला. बाहेर ट्रकांची रांग, आत लांब टेबलं आणि कुटुंबंच्या कुटुंबं. पासादोर ढगळ विजारी, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि गळ्यात लाल रुमाल अशा वेषात. भिंतीवर घोडेस्वार गुराखी, म्हणजे 'गाऊशो', आणि माळावर पेटलेली आगटी. सहकारी अभिमानाने म्हणाला, आमचे गाऊशो तीनशे वर्षं असंच जेवत आलेत.

मग एक पासादोर वेगळीच सळई घेऊन आला. मांस मऊ, चरबीच्या धाग्यांनी भरलेलं. 'कुपिम', तो म्हणाला. मला कळेना, तेव्हा सहकाऱ्याने स्वतःच्या मानेमागे, खांद्यांच्या मधोमध हात ठेवून उंचवटा दाखवला. वशिंड! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. लहानपणी आजोबांनी माझा हात धरून बैलाचं वशिंड चोळून घेतलं होतं. तो स्पर्श मला अजून सांगता येईल. मी काप घेतला आणि खाल्ला. चवीला उत्तम होता. पण घास गिळताना एक साधा प्रश्न पडला. दक्षिण अमेरिकेतल्या मूळच्या गुरांना वशिंड नसतं. ती युरोपातून आलेली, सपाट खांद्यांची. मग तीनशे वर्षांपूर्वीच्या गाऊशोच्या सळईवर वशिंड कुठून येणार?

तो प्रश्न धरून मागे गेलं की भिंतीवरच्या चित्रातला एकेक रंग सुटत जातो.

रिओ ग्रांदे दो सुलच्या माळांवर गुरं आली ती जेझुइट पाद्र्यांबरोबर, १६३४ मध्ये. साओ पाउलोकडून गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्यांमुळे पाद्र्यांना वसाहती सोडाव्या लागल्या आणि मागे राहिलेली गुरं मोकाट वाढली. पुढे त्या कळपांवर जगणारी माणसं म्हणजे गाऊशो. त्यांत स्थानिक गुआरानी होते, मिश्र वंशाचे होते, फौजेतून पळालेले होते. त्या काळी गुराची किंमत होती ती कातड्याला, चरबीला आणि जिभेला. बाकीचं मांस माळावर कुजायला टाकून देत, कारण ते टिकवायची आणि बाजारात न्यायची सोय नव्हती. जमिनीत खड्डा करून जाळ करायचा आणि लाकडाला टोचलेल्या बरगड्या त्याच्या कडेने रोवायच्या, ही पद्धत या फुकटच्या मांसातून आली. आज जी आपल्याला सुबत्ता वाटते, ती मुळात चामड्याच्या धंद्यातली टाकाऊ बाजू होती.

हे टाकाऊ मांस मिठाने कमाईचं केलं. ईशान्येकडच्या सिआरा प्रांतात खारवून वाळवलेल्या मांसाचा, म्हणजे 'शार्की'चा धंदा होता. १७७७ पासूनच्या दुष्काळाने तो मोडला. तिथला जोझे पिंतो मार्तिन्स नावाचा धंदेवाईक दक्षिणेत आला आणि १७८० मध्ये त्याने पेलोटासजवळ शार्कीचा कारखाना काढला. पाठोपाठ ओढ्याकाठी कारखान्यांची रांगच लागली. गुरं मारायची, मांसाचे पातळ थर कापायचे, मिठात रचायचे, उन्हात टांगायचे. हे सगळं काम आफ्रिकेतून आणलेले गुलाम करत. तयार माल जहाजाने उत्तरेला जाई आणि ऊस व कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या पोटात पडे. गुलामांनी बनवलेलं, गुलामांना खाऊ घालायचं मांस. पेलोटासमधले झुंबरांचे वाडे त्या पैशातून उभे राहिले.

ओग्यूस्त द सँतिलेर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८२० मध्ये पेलोटासला एका कारखानदाराकडे उतरला होता. घरातल्या दिवाणखान्यात दहाबारा वर्षांचा एक गुलाम मुलगा सतत उभा असे, पाणी द्यायला, कुणाला हाक मारायला. त्याला बसायची, खेळायची मुभा नव्हती. त्याच्याइतका दुःखी जीव आपण पाहिला नाही, अशा अर्थाची नोंद सँतिलेरने केली आहे. पंगतीत वाढणारे शेवटी स्वतःच्या पंगतीला बसतात. या मुलाची पंगत कधीच नव्हती.

ज्या युद्धावर गाऊशोचा सगळा अभिमान उभा आहे, तेही याच मांसावरून झालं. उरुग्वे आणि अर्जेंटिनाची शार्की ब्राझीलच्या बाजारात स्वस्त पडत होती आणि दक्षिणेतल्या मालावर करांचं ओझं होतं, ही तिथल्या जमीनदारांची मोठी तक्रार. २० सप्टेंबर १८३५ ला बेंतो गोन्साल्विसच्या नेतृत्वाखाली बंड झालं, वेगळं प्रजासत्ताक जाहीर झालं आणि लढाई जवळजवळ दहा वर्षं चालली. बंडखोरांनी गुलामांना स्वातंत्र्याचं वचन देऊन फौजेत घेतलं. 'काळे भालाईत' म्हणून ते गाजले. तह जवळ आला तेव्हा या सशस्त्र, स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांचं काय करायचं हा प्रश्न दोन्ही बाजूंना अडचणीचा होता. १४ नोव्हेंबर १८४४ च्या पहाटे पोरोंगोस इथे त्यांच्या तळावर सरकारी फौजेने हल्ला केला. त्यांच्याकडची शस्त्रं आधीच काढून घेतलेली होती. त्यांच्याच सेनापतीने शत्रूशी संगनमत केलं होतं का, यावर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. मार्च १८४५ मध्ये तह झाला. गुलामगिरी संपायला १८८८ उजाडलं. २० सप्टेंबरला आजही त्या राज्यात सुट्टी असते आणि राजधानी पोर्तो आलेग्रेत तंबू ठोकून शुरास्को चालतो.

आता तो ढगळ विजारीचा वेष. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माळांना कुंपणं पडली होती, भटका गुराखी मजूर झाला होता आणि शहरांत अमेरिकन सिनेमा आला होता. तेव्हा पोर्तो आलेग्रेतल्या काही विद्यार्थ्यांनी गाऊशो परंपरा जपायचं मनावर घेतलं. १९४८ मध्ये त्यांनी पहिलं परंपरा केंद्र काढलं आणि १८३५ च्या आठवणीने त्याच्या नावात '३५' घातलं. त्यांतला पाइशाँव कोर्तेस गावोगाव फिरून नाच आणि गाणी गोळा करत असे. काय नेसायचं, कसं नाचायचं, याचे नियम या चळवळीने बसवले. हॉटेलातला वेष तिथून आला.

आणि रोडीझियो तर त्याहून तरुण. १९६० च्या दशकात महामार्ग झाले, ट्रक वाढले आणि रस्त्याकडेला शुरास्करिया निघाल्या. त्या धंद्यात सांगतात ती गोष्ट अशी, की गर्दीच्या दिवशी वाढप्यांनी टेबलांच्या ऑर्डरी एकात एक मिसळल्या, तेव्हा मालक वैतागून म्हणाला, सगळ्यांना सगळं वाढा. हा शोध आपलाच असं म्हणणारे अनेक आहेत. या धंद्यातली पुष्कळ माणसं नोव्हा ब्रेसिया या छोट्या गावची. ते गाव माळावरचं नाही, डोंगराळ भागातलं, इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं. त्या गावात थापा मारण्याची स्पर्धाही भरते, त्यामुळे ऑर्डरींची गोष्ट किती खरी मानायची ते आपणच ठरवावं. १९७९ मध्ये पोर्तो आलेग्रेत 'फोगो दे शाँव' निघालं आणि १९९७ मध्ये त्याची शाखा टेक्सासमध्ये डलासला उघडली. डोंगरातल्या मका पिकवणाऱ्यांच्या पोरांनी माळावरच्या गुराख्याचा वेष घालून त्याचं जेवण जगभर नेलं.

राहिलं वशिंड. महामार्गावरच्या या माणसांनी साओ पाउलोकडे दुकानं मांडली, तेव्हा तिथल्या खाटकाकडे मिळणारी गुरं वेगळी होती. उष्ण प्रदेशात युरोपीय गुरं गोचिडांनी आणि उन्हाने हैराण होत. म्हणून मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबाचे गुरांचे व्यापारी १८९० च्या दशकापासून थेट हिंदुस्थानात येऊ लागले. आंध्रातला ओंगोल तिथे नेल्लोरच्या नावाने 'नेलोरे' झाला, कांकरेज 'गुझेरा' झाला, गीर 'जिर' झाला. १९२० मध्ये ब्राझीलला निघालेली अशीच गुरं बेल्जियममध्ये अँटवर्प बंदरातून गेली आणि मागे बुळकांडीची साथ ठेवून गेली. तिच्या धसक्यातून १९२४ मध्ये पॅरिसला जनावरांच्या आरोग्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. शेवटची मोठी आयात १९६० च्या आसपासची. भावनगरच्या महाराजांकडचा 'कृष्णा' हा गीर वळू सेल्सो गार्सिया सिद यांनी नेला. १९६२ मध्ये ओंगोल वळू गेले. त्यांत एकाचं नाव 'कारवडी', एकाचं 'ताजमहाल'. आज ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत आणि त्यांतली बहुतेक वशिंडाच्या रक्ताची. आपण त्या उंचवट्याच्या पुढे जू ठेवलं आणि सणाला तूप चोळलं. त्यांनी त्याला नाव दिलं कुपिम, म्हणजे वाळवी, वारुळासारखा दिसतो म्हणून, आणि खूप वेळ मंद आचेवर भाजला. त्याने भरलेली सळई जुन्या गाऊशोने कधी पाहिलेली नाही.

ही परंपरा खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. खोटी परंपरा इतकी चविष्ट नसते. पण परंपरा सांगताना कुणाला भिंतीवर टांगतात आणि कुणाला वगळतात, हे पाहायला हवं. त्या शुरास्करियात घोडेस्वार होता, भालाईत नव्हता. आगटी होती, मिठाचे ढीग नव्हते. आणि बोटीतून आलेला बैल तर कुणाच्या गावीही नव्हता.

तरी इतिहास एका जागी उघडा पडलेला असतो, सॅलडच्या टेबलावर. तिथे बऱ्याचदा 'कार्रेतेरो' नावाचा भात असतो. बैलगाडीने माल नेणाऱ्या गाडीवानांचा भात. तो खऱ्या रीतीने केलेला असेल तर त्यात शार्कीचे तुकडे असतात. सळयांची वाट पाहणारे लोक त्याच्याकडे पाहत नाहीत, भाताने पोट भरेल या भीतीने. कधी गेलात तर चकती लालच ठेवा, आणि आधी तो चमचाभर घ्या. खारट लागतो.