मागेल त्याला काम

दुष्काळ पडला कीं धनिकांनीं अन्नछत्रें उघडावीं व सरकारनें खडी फोडण्याचीं कामें काढावीं, हा परिपाठ आपल्या देशांत फार जुना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मुंबई इलाख्यांत या कामांवरील मजुरी उतरविण्यांत आली, तेव्हां मजूर कामें सोडून निघून गेले व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलून धरिली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता झाल्या. तथापि काम हें सरकारच्या दयेचेंच अंग राहिलें. मजुराच्या पोटास दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावी लागे.

हा पाया बदलण्याचा मान महाराष्ट्राचा आहे. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें या कल्पनेचा प्रयोग करविला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळानें तिची निकड सर्वांस पटविली, आणि १९७७ सालीं विधिमंडळानें केलेला रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. शहरांतील नोकरदारांवर १९७५ सालीं बसविलेल्या व्यवसाय कराचें उत्पन्न या कामीं लावावें व सरकारनें तितकीच भर घालावी, असें ठरलें. आम्हां पगारदारांच्या वेतनांतून दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम एका मोठ्या विचाराशीं जोडलेली आहे, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक असतें?

या विचाराची कसोटी हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत लागते. निजामी अमदानींत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती १९०३ सालीं उठली. वरून आलेला आधार वरच्याच हुकुमानें जातो, हें या गांवानें तेव्हांच पाहिलें. १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा फेब्रुवारी २००६ मध्यें प्रथम ज्या २०० मागास जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत हिंगोलीचें नांव होतें. त्या कायद्यानें प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षास १०० दिवसांच्या कामाचें वचन दिलें; किमान निम्मीं कामें, खर्चाच्या मानानें, ग्रामपंचायतींकडे सोंपविलीं; आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देऊं केला.

परंतु हे पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? अर्जाच्या पोचेवरील तारखेपासून! ज्या मजुरास ती पोच मिळाली नाहीं, त्याचे पंधरा दिवस कधीं सुरूच होत नाहींत. त्याची हमी पुन्हां मेहेरबानी होऊन बसते. कायदा मुंबईस होवो वा दिल्लीस, त्याचा प्राण ग्रामपंचायतीच्या कचेरींतील त्या कागदाच्या तुकड्यांत असतो.

पुढें या जिल्ह्याच्या वांट्यास मोठे मनसुबे आले. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन लाभलें. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या खऱ्या. तथापि वेधशाळेंतील विद्या गांवच्या मुलास शिकविल्यावांचून त्याच्या हातीं येणार नाहीं. हळदीचें तसें नाहीं. काढणें, शिजविणें, वाळविणें, पॉलिश करणें, हीं सारीं कामें शिवारालगतचीं आहेत. त्यांना उद्योगाचें रूप देणें स्थानिक संस्थांच्या आटोक्यांतील आहे.

छावणीनें जें दिलें नाहीं, तें पागे यांच्या कल्पनेनें देऊं केलें: मागण्याचा अधिकार. तो वापरण्याचें बळ गांवकऱ्यांत आलें, तर वेधशाळा व हळद हीं दोन्ही त्यांचीं होतील. न आलें, तर त्याही छावण्याच ठरतील, अशी आम्हांस भीति वाटते.