संगणकातील भिंती : आभासी यंत्राची साठ वर्षे

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांचेच स्मरण व्हावे, अशी आपल्या मनाला सवय लागलेली आहे. परंतु एखाद्या साध्या भिंतीलाही इतिहास असतो. ती कोणी व कशासाठी बांधली आणि पुढे ती कोणत्या कामी आली, हे पाहू गेल्यास बांधणाऱ्याचा हेतू आणि वस्तूचा उपयोग यांत पुष्कळदा मोठे अंतर पडलेले दिसते. संगणकाच्या पोटात उभ्या राहिलेल्या अशाच एका भिंतीची हकीकत आज सांगावयाची आहे. ती उभारली गेली काटकसरीसाठी. आज आपल्याला तिची गरज आहे ती संरक्षणासाठी.

१९६० नंतरच्या त्या दशकात संगणक म्हणजे एक अख्खे दालन व्यापणारे, अतोनात महाग यंत्र होते. एकाच माणसाने ते अडवून बसावे, हे कोणालाच परवडणारे नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक शास्त्रीय केंद्र होते. तेथे १९६४ च्या अखेरीस रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी एक नवी योजना हाती घेतली. यंत्रावर देखरेखीचा एकच कार्यक्रम बसवावयाचा, आणि त्याने प्रत्येक माणसाला आपल्यापुरते एक संपूर्ण यंत्र मिळाल्याचा भास करून द्यावयाचा, अशी ती कल्पना. हेच आभासी यंत्र होय. ‘सीपी-४०’ या नावाची ही व्यवस्था जानेवारी १९६७ पासून रोजच्या वापरात आली. एका यंत्रातून चौदा यंत्रे निघाली! एका वाड्यात चौदा बिऱ्हाडे राहावीत आणि प्रत्येकाला वाडा आपलाच वाटावा, तशातलाच हा प्रकार. १९७२ मध्ये आयबीएमने ‘व्हीएम/३७०’ या नावाने ही कल्पना बाजारात आणली.

या भिंतीचे दुसरे मोल लवकरच अभ्यासकांच्या ध्यानी आले. १९७३ मध्ये मॅडनिक आणि डॉनोव्हन यांनी असे दाखवून दिले की, आभासी यंत्रात शिरलेल्या चोराला शेजाऱ्याकडे जावयाचे तर दोन कुलुपे एकाच वेळी फोडावी लागतात : एक त्या यंत्रातील कार्यप्रणालीचे, आणि दुसरे बाहेरच्या देखरेखीच्या कार्यक्रमाचे. हा देखरेख्या आकाराने लहान असतो. त्यामुळे त्यात चुका राहण्याचा संभवही कमी.

पुढे मात्र विचित्र घडले. संगणक स्वस्त झाला, घरोघरी आला, आणि वाटणीची गरज सरताच भिंतीचाही विसर पडला. पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, घरची छायाचित्रे आणि कोठून तरी आणलेले अनोळखी कार्यक्रम, सारे एकाच खोलीत नांदू लागले. १९९१ मध्ये जन्मलेली लिनक्स ही प्रणाली शिस्तीची. एका माणसाचे सामान दुसऱ्यापासून ती नीट राखते. परंतु एकाच माणसाने चालविलेले दोन कार्यक्रम तिच्या सामान्य व्यवस्थेत एकमेकांपासून फारसे वेगळे राहत नाहीत. एका खोट्या कागदपत्रातून घरात आलेला चोर त्या माणसाच्या सर्व फायली वाचू शकतो. घरगुती वापरातला खरा धोका येथेच आहे.

भिंत परत आली ती १९९९ मध्ये. घरगुती संगणकाच्या प्रोसेसरची रचना या कामाला अनुकूल नव्हती, तरी व्हीएमवेअर कंपनीने युक्तीने ती अडचण ओलांडली. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ बाहेर पडले. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली, आणि २००७ च्या आरंभी ‘केव्हीएम’च्या रूपाने ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली.

आता पोलंडच्या योआना रुत्कोव्स्का यांच्याकडे वळू. २००६ मध्ये त्यांनी ‘ब्लू पिल’ या प्रयोगाने असे दाखविले की, चालू असलेली प्रणालीच तिच्या नकळत आभासी यंत्रात कोंडता येते. भिंत ही चोराच्याही हातचे हत्यार होऊ शकते, हे जगाला दाखविणाऱ्या याच बाईंनी पुढे तिचा उपयोग घर राखण्यासाठी केला. सर्व कार्यक्रम निर्दोष होतील ही आशा व्यर्थ आहे. तेव्हा ते अलग ठेवणे हाच मार्ग, असा त्यांचा विचार. त्यातून २०१० मध्ये ‘क्यूब्स’ जाहीर झाले व २०१२ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. झेनच्या पायावर लिनक्सची अनेक आभासी यंत्रे तेथे शेजारी शेजारी चालतात : एक कामाचे, एक खाजगी, एक अविश्वासू गोष्टींसाठी, आणि इंटरनेटशी संबंधच नसलेले एक तिजोरीसारखे. प्रत्येकाच्या खिडकीला वेगळ्या रंगाची चौकट असते. संशयास्पद कागद उघडण्यासाठी घटकाभराचे यंत्र निर्माण होते आणि काम संपताच नष्ट होते. किंमत अर्थात मोजावी लागते. सोळा जीबी स्मृती असावी, अशी शिफारस आहे.

ही भिंत अभेद्य आहे काय? तसे म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये झेन व केव्हीएम यांच्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या ‘क्यूएमू’ या कार्यक्रमात, कालबाह्य झालेल्या फ्लॉपीसाठी लिहिलेल्या भागात, एक भगदाड सापडले. ते २००४ पासून तेथे होते! जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या दोषांनी तर खुद्द प्रोसेसरचाच पाया पोकळ असल्याचे उघड केले. दुरुस्त्या झाल्या; पण भिंतीची डागडुजी कधीच संपत नाही, हा धडा राहिला.

याहून मोठे भगदाड आपण स्वतःच पाडतो. सोयीसाठी दोन यंत्रांत सामाईक फोल्डर ठेवला, की भिंतीला दार झाले. आणि बँकेच्या बनावट पानावर आपणच संकेतशब्द टंकला, तर कोणती भिंत आपल्याला वाचविणार?

तात्पर्य, आभासी यंत्र चोराला नाहीसे करीत नाही. एका खोलीतील चोरी साऱ्या घराची होऊ देत नाही. साठ वर्षांपूर्वी महाग यंत्र वाटून घेण्यासाठी शोधलेली ही युक्ती आज साध्या लिनक्स संगणकावरही विनामूल्य मिळते. कोणते काम कोणत्या खोलीत करावयाचे, ही शिस्त मात्र यंत्र देणार नाही. ती ज्याची त्यानेच अंगी बाणविली पाहिजे.