शिकणे आणि शिकवणे

जनावराला विचार करता येतो काय, हा प्रश्न निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सारे उपजतच असते. दुसरा आपल्या घरच्या कुत्र्याची हुशारी सांगू लागतो. आम्ही हयात कामगारांत काढली. 'यांना हात आहेत, डोके नाही,' हा शेरा आम्ही माणसांविषयीच पुष्कळदा ऐकला आहे. तेव्हा निकाल देण्यापूर्वी नीट पाहावे, एवढी शिस्त आम्हांस लागली.

असे नीट पाहणे जपानात घडले. क्यूशूच्या किनाऱ्याजवळ कोशिमा नावाचे चिमुकले बेट आहे. क्योतोच्या किंजी इमानिशी यांचे सहकारी तेथील माकडांना नावे देऊन, प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवीत. १९५२ पासून माकडांना रताळी घालू लागले. १९५३ साली दीड वर्षाची इमो नावाची मादी मातीने भरलेले रताळे पाण्यात धुऊन खाताना दिसली. ते प्रथम टिपले सात्सुए मितो या तेथल्याच रहिवासी बाईंनी.

पुढे इमोच्या खेळगड्याने व आईने तेच उचलले. १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षांच्या १९ माकडांपैकी १५ रताळी धुऊ लागली होती. प्रौढ ११ पैकी मात्र दोनच, आणि त्या दोन्ही माद्या. नवी रीत काढली लहानग्या पोरीने, आणि मोठे नर कोरडेच राहिले!

पण इमोने कोणाला शिकविले काय? तसे कोणी पाहिले नाही. ही रीत पसरायला वर्षे लागली. म्हणून माकडे एकमेकांचे पाहून शिकली, की प्रत्येकाने स्वतःच शोध लावला, अशी शंका पुढे बेनेट गेलेफ यांनी काढली. शिकणे निराळे, शिकविणे निराळे.

शिकविण्याची कसोटी १९९२ साली टिम कॅरो व मार्क हाउसर यांनी मांडली: नवख्यासमोर जाणत्याने आपली वागणूक बदलावी, त्यात त्याचा तत्काळ लाभ नसावा, आणि नवख्याला विद्या लाभावी. कालाहारीतील मीरकॅट हे मुंगसाच्या कुळातले प्राणी या कसोटीस उतरले. ती मंडळी अगदी लहान पिलाला मेलेला विंचू देतात, जरा वाढल्यावर नांगी मोडलेला जिवंत, आणि शेवटी अखंड. आमच्या लेथवरचा उस्ताद नव्या पोराला याहून निराळे काय करतो? परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोठ्या पिलांचा आवाज यंत्रातून ऐकविताच, पिले लहान असूनही, मोठी मंडळी जिवंत भक्ष्य अधिक आणू लागली. म्हणजे त्यांचे लक्ष आवाजाकडे. पिलाला काय येते, याचा विचार त्यांत दिसत नाही.

माणूस समोरच्याला काय येत नाही हे ओळखून शिकवितो. आणि तेच ओळखून विद्या लपवितोही. माप घेताना पाठ फिरविणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. कारण पोरगा तयार झाला की आपली भाकरी जाईल, ही त्यांना धास्ती. ती धास्ती खोटी नव्हती. म्हणून जनावराला विचार आहे काय, हे विचारताना आपण आपला विचार कशासाठी वापरतो, हेही विचारावे. पिलाच्या हाती अखंड विंचू देण्याचा दिवस मीरकॅट टाळीत नाही.