माडीवरची पावले : लाकडी जमिनीच्या कंपनाचा इतिहास

वर न पाहता आजीला कळत असे की माडीवर कोण चालते आहे. जालना जिल्ह्यातील आमच्या आजोळच्या वाड्यात स्वयंपाकघराच्या अगदी वर माडीची मोठी खोली आहे. मामाने तेथे दोन पावले टाकली की खाली फडताळातील पितळी पेले किणकिणत आणि आजी म्हणे, "आला बघ तुझा मामा." आम्हा नातवंडांना ही जादू वाटे. आजी मात्र सांगे की ती लग्न होऊन आली तेव्हा हे पेले मुके होते. ते बोलू लागले १९९३ नंतर. आजचा धागा या पेल्यांविषयी आहे.

प्रथम वाड्याची माडी कशी बांधली जाई ते पाहू. तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर जवळजवळ ठेवलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर चोपून बसवलेली माती आणि सर्वांत वर शेणाचे सारवण. छताला हीच रचना अधिक जाड मातीने केली की त्याला माळवद म्हणतात. खालून दिसणाऱ्या कडीपाटाचे सौंदर्य आपण वर्णितो, पण त्यावर दडलेल्या मातीविषयी फारसे कोणी बोलत नाही. आपल्या कथेची नायिका (आणि खलनायिकाही) तीच आहे.

जुने लोक घर खणांत मोजत, 'पाच खणांचे घर' असे. दोन आधारांमधले अंतर म्हणजे खण, आणि ते सहसा बेताचे असे. यात केवळ लांब लाकूड मिळण्याची अडचण नव्हती. कडीचा गाळा दुप्पट केला, तर तिच्यावर सर्वत्र पसरलेल्या भाराने येणारा वाक १६ पट होतो. सुताराला हे समीकरण ठाऊक असण्याचे कारण नव्हते; किती लांब कडी 'नाचते' हे त्याला पायांनी ठाऊक होते. खण हेच त्याचे भाकीत होते.

युरोपात हे ज्ञान पुस्तकात उतरले ते एका इंग्रज माणसामुळे. थॉमस ट्रेडगोल्ड हा मुळात सुतारकाम शिकलेला. त्याच्या सुतारकामावरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १८२० ची, दुसरी १८२८ ची. तुळया शक्य तितक्या खोल घ्याव्यात, नाहीतर माणूस चालला की खोलीतले सारे सामान थरथरते, असा त्याचा इशारा होता. तुळईची उंची दुप्पट केली तर लाकूड दुप्पटच लागते, ताकद चौपट होते, पण ताठपणा आठपट होतो. म्हणजे जी तुळई मोडणार नाही ती हलणारही नाही, असे मुळीच नाही. (योगायोग असा की याच १८२८ सालच्या फेब्रुवारीत पुण्यात शनिवारवाडा जळाला. त्याचे दगडी जोते आणि तट उरले, वरचे लाकूड गेले.)

१८३१ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटनचा झुलता पूल पावलात पाऊल मिळवून चालणाऱ्या सैनिकांखाली कोसळला आणि पावलांच्या तालाची भीती सर्वांना पटली. पण घरातली माडी अशी कोसळत नाही. ती फक्त त्रास देते. तोही चालणाऱ्याला नव्हे, शेजारी बसलेल्याला. त्रास मोजायचा कसा? १९३१ मध्ये जर्मनीत रायहर आणि माइस्टर यांनी माणसांना कंप पावणाऱ्या फलाटावर उभे करून कोणते कंपन जाणवते आणि कोणते असह्य होते याची नोंद केली. माणसाची अस्वस्थता त्यानंतर आलेखावर मांडता येऊ लागली.

आता थोडे गणित. कंटाळू नका, पेल्यांचे रहस्य यातच आहे. आपण सेकंदाला साधारण २ पावले टाकतो. पण पावलाचा धक्का गुळगुळीत नसतो. त्यात २ सोबत ४, ६ आणि ८ या गतीचे क्षीण धक्केही मिसळलेले असतात. जमिनीची स्वतःची कंपनगती ८ पेक्षा कमी असेल, तर यांपैकी एखाद्याशी तिचा ताल जुळतो आणि ती झोपाळ्यासारखी वाढत जाते. ही गती घरबसल्या काढता येते : कडी कायमच्या भाराने जितके मिलिमीटर वाकते, त्याच्या वर्गमुळाने १८ ला भागावे. वाक ४ मिलिमीटर असेल तर उत्तर येते ९, ठीक आहे. वाक १० मिलिमीटर असेल तर ५.७, त्रास नक्की. लाकडी बांधकामाचे भारतीय मानक ठिसूळ छताखालच्या कडीला गाळ्याच्या १/३६० इतका वाक मान्य करते, म्हणजे ३.६ मीटर गाळ्याला नेमके १० मिलिमीटर! तो सारा कायमच्या भाराचाच असेल, तर कडी नियमात बसेल आणि घरातला माणूस वैतागेल.

पण मग ८ च्या वर गेलेली जमीन नेहमी शांत असते का? नाही. स्वीडनमध्ये स्वेन ओल्सन यांनी १९८२ च्या प्रबंधात हलक्या लाकडी जमिनींचा हाच प्रश्न हाती घेतला. तेथे ताल जुळत नाही, पण प्रत्येक पाऊल एक सुटा ठोका असते, आणि जमीन हलकी असेल तर तो ठोका तिला जोरात उडवतो. म्हणून २००४ च्या युरोपीय लाकूड-संहितेत ८ ची मर्यादा ओलांडल्यावरही दोन कसोट्या आहेत : सुमारे १०० किलो भार एका जागी ठेवला तर जमीन किती वाकते, आणि एका ठोक्याने ती किती वेगाने हलते.

आता आजीच्या मातीकडे वळू. एक इंच जाडीची सागवानी फळी चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते. तिच्यावर १० सेंटिमीटर माती घातली की वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते. साठ किलोचा मामा त्या वजनाला काय हलवणार? शिवाय मातीचे कण एकमेकांवर घासून उरलेली हालचाल जिरवतात. आज युरोपात लाकडी इमारतींच्या मजल्यांवर खडी किंवा काँक्रीटचा थर घालतात तो याचसाठी. नॉर्वेतील २०१९ च्या मियोस्टोर्नेट या ८५ मीटर उंच लाकडी इमारतीत वरच्या मजल्यांना काँक्रीट आहे. तेथे शत्रू वारा आहे, पण उपाय तोच, वजन.

आणि हेच वजन मारते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८,००० माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती फुटल्या. जेथे माळवद थेट भिंतींवर टेकले होते तेथे टनावारी माती झोपलेल्यांवर आली. जेथे आत खांब-तुळयांचा सांगाडा होता तेथे पुष्कळदा भिंती पडूनही छत उभे राहिले. हा फरक महत्त्वाचा होता, पण त्या दिवसांत तो ऐकण्याच्या मनःस्थितीत कोण होते? मराठवाडाभर मातीचीच भीती बसली. जाणकारांचा सल्ला माळवदाची माती कमी करा आणि खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार द्या, असा होता. लोकांनी पहिला अर्धा ऐकला.

आमच्या आजोबांनीही तेच केले. किल्लारीपासून इतक्या दूर त्यांनी छतावर पत्रे घातले आणि माडीची मातीही घमेल्यांनी खाली उतरवली. उरल्या नुसत्या फळ्या. कड्यांचा वाक कमी झाला, कंपनगती वाढली. कागदावर जमीन सुधारली. प्रत्यक्षात ती हलकी झाली आणि पेले बोलू लागले. त्यांचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी रात्री त्या छताखाली झोपायचे होते ते त्यांना, मला नाही.

आता मामेभावाला माडीवर गावच्या मुलांसाठी अभ्यासिका काढायची आहे. तीस मुले, एकाने येरझारा घातल्या की बाकीच्यांची वही हलणार. माती परत घालणे कोणालाच मान्य नाही. जुन्या कड्यांवर काँक्रीटचा स्लॅब ओतण्याचा एका ठेकेदाराचा सल्ला तर माझ्या मते सर्वांत वाईट. गावच्या वृद्ध सुताराने वेगळाच मार्ग सुचवला : कड्यांच्या मधोमध खालून एक तुळई द्यावी, दोन खांबांवर. गाळा निम्मा होईल, पावलाखालचा वाक आठव्या हिश्श्यावर येईल आणि वर वजन जवळजवळ वाढणार नाही. पण ते दोन खांब मामीच्या स्वयंपाकघराच्या ऐन मध्यात येतात, आणि मामीने अद्याप होकार दिलेला नाही.

तुमच्या गावी अजून मातीची माडी उभी असेल, तर मातीचा थर किती बोटे आहे आणि तिच्याखाली कोणत्या काटक्या घातल्या आहेत, हे उत्तरात जरूर लिहा. छायाचित्र असल्यास उत्तमच. फक्त ते काढायला चौघे एकदम वर चढू नका.