४२.३४ मीटरवर

खिडकीच्या काचांना ब्लॅकआउटचा काळा कागद लावलेला आहे, त्यामुळे रस्त्यावरून तुम्ही कोणाला दिसणार नाही. तारीख २७ ऑगस्ट १९४२, जागा गिरगावातली एक चाळ. तुम्ही कोण, कुठले, हे यजमानांनी विचारलेलं नाही. रेडिओपाशी जागा करून दिली आणि चहाची बशी पुढे सरकवली, झालं. हल्ली मुंबईत अनोळखी माणसाला नाव न विचारणं हीच रीत आहे.

सेटचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत यजमान दबक्या आवाजात सांगतात: आठ तारखेला गवालिया टँकवर ठराव झाला, नऊच्या पहाटे गांधीजींसकट पुढारी उचलले, वर्तमानपत्रांना सेन्सॉरने वेसण घातली. सरकारी रेडिओ ऐकावा तर देशात जणू काही घडतच नाही. काटा ४२.३४ मीटरपाशी येतो. खरखर, शीळ, पुन्हा खरखर. आणि एका मुलीचा आवाज. काँग्रेस रेडिओ बोलतोय, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून.

"अहो, हळू करा जरा," आतून वहिनी म्हणतात.

हे 'कुठलंतरी ठिकाण' इथून पायी जाण्यासारखं आहे! चौपाटीची 'सी व्ह्यू' इमारत. तुम्ही पुढच्या काळातून आलेले, तेव्हा तुम्हाला दार उघडंच. मायक्रोफोनपुढे बावीस वर्षांची उषा मेहता. तिचं विल्सन कॉलेजही याच चौपाटीवर. ट्रान्समीटर जुळवलाय नरिमन प्रिंटर यांनी. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते, पण परवाना काढून घेतला तरी हातातली विद्या कशी जाणार? 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी सामानाची मदत करतात. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारे तेच.

सप्टेंबर, ऑक्टोबर. एका पत्त्यावर फार दिवस राहता येत नाही. लहरी कोणत्या दिशेने येतात हे दोन ठिकाणांहून मोजलं की नकाशावर दोन रेषा काढायच्या. त्या जिथे छेदतात तिथे पोलीस. म्हणून कधी लॅबर्नम रोडवरची 'अजित व्हिला', कधी गिरगावातली पारेखवाडी. (लॅबर्नम रोड म्हणजे गांधीजींच्या मणिभवनाचा रस्ता. जागा निवडणाऱ्याच्या धाडसाला म्हणावं तरी काय!)

मजकूर मात्र एका ठिकाणचा नाही. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन ही भूमिगत मंडळी यामागे आहेत. चितगावची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप. आणि एका संध्याकाळी, आष्टी-चिमूर. विदर्भातल्या त्या गावांत लष्कराने, विशेषतः बायकांवर, काय अत्याचार केले हे छापण्याची सोय नाही, म्हणून ते बोललं जातं. वहिनी आता आवाज कमी करायला सांगत नाहीत. त्या दाराच्या चौकटीत येऊन उभ्या आहेत.

या रेडिओचा सर्वांत चिकाटीचा श्रोता मात्र या खोलीत नाही. तो पोलिसांच्या खात्यात बसून शब्दन्‌शब्द टिपून घेतोय. हे भाषण उद्या नष्ट होऊ नये, याची काळजी नकळत तोच घेतोय. पुढे इतिहासकारांना हा रेडिओ 'ऐकू' येतो तो बराचसा त्याच्या वह्यांतून. विनोद आहे, पण मला तो फार आवडतो.

१२ नोव्हेंबर. तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागून फुटला आहे. रेडिओतले साथीदार बाबूभाई खाकर यांच्या कचेरीवर छापा पडल्याचं उषाला कळतं, तरी त्या संध्याकाळी ती दुसरे साथीदार चंद्रकांत झवेरी यांच्याबरोबर प्रक्षेपण करते. तुम्ही गिरगावात काटा धरून बसला आहात. शेवटची 'वंदे मातरम्'ची तबकडी सुरू आहे. तिकडे दारं फोडली जाताहेत. पोलीस म्हणतात, बंद करा. उषा बंद करत नाही.

अडीच महिन्यांचा रेडिओ संपला.

आता कोर्टात चला. मागच्या बाकावर बसा. त्याआधी कित्येक महिने तिला एकांतात ठेवून खोदून खोदून विचारून झालं आहे. उषा न्यायाधीशांना एकच गोष्ट विचारते: उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? नाही, असं कळताच निवेदिका गप्प बसते, ती शेवटपर्यंत. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाला चार, चंद्रकांतना एक. मोटवानी आणि आणखी एक आरोपी विठ्ठलदास झवेरी सुटतात.