नामलेखन आणि पदके : खानदेशी शिपायांच्या सेवानोंदींविषयी

लष्करी पदक म्हणजे शौर्याचे पारितोषिक, असा समज सुशिक्षितांतही सर्रास आढळतो. वस्तुतः शिपायाच्या छातीवर दिसणारी बहुतेक पदके शौर्याची नसून उपस्थितीची असतात. अमुक पलटण अमुक मोहिमेवर अमुक मुदतीत होती आणि अमुक शिपाई त्या वेळी तिच्या हजेरीपटावर होता, एवढे सिद्ध झाले की मोहिमेचे पदक त्याच्या हक्काचे होते. त्यास कोणाच्या शिफारशीची गरज नसते. यामुळे असे एखादे पदक सेवानोंदीत यावयाचे राहिले, तर तो प्रश्न कृपेचा नसून कागदाचा असतो; आणि कागदावर माणूस ओळखला जातो तो नावाने. राहून गेलेल्या पदकांचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावा, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

तथापि आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पदक दोन रीतींनी राहते : एक नियमामुळे आणि दुसरे लेखणीमुळे. पहिल्या प्रकाराचे उदाहरण खानदेशच्या इतिहासातच आहे. १८०३ ते १८२६ या काळातील हिंदुस्थानातील लढायांबद्दल कंपनी सरकारने एक पदक मंजूर केले, ते १८५१ साली. असईची लढाई १८०३ ची. म्हणजे तिच्यात लढलेल्या शिपायास पदकासाठी अठ्ठेचाळीस वर्षे जगणे भाग होते, कारण हयात असून जो अर्ज करील त्यालाच ते मिळावयाचे होते. पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी बसे आणि अशा पट्ट्या एकवीस ठरविण्यात आल्या. त्यांत असई आहे, अडगाव आहे, गाविलगड आहे, खडकी आणि कोरेगाव आहेत. अशीरगडही आहे, पण तो १८०३ चा. १८१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्याच किल्ल्याला जो मोठा वेढा पडला, त्याची पट्टी नाही. फेब्रुवारी १८१८ मधील थाळनेर नाही. त्याच वर्षी मे-जूनमध्ये अरब शिबंदीने महिनाभर झुंजविलेले मालेगाव नाही. बोरीकाठचे अमळनेरही त्या वर्षी अरबांच्याच ताब्यात होते आणि तेही फौज पाठवून घ्यावे लागले. त्याचे नाव यादीत असण्याचा तर प्रश्नच नव्हता. पेशवाई बुडाल्यानंतर खानदेशात जे रक्त सांडले, ते पदकांच्या हिशेबात जवळजवळ धरलेच गेले नाही. हा अन्याय असेल; परंतु सेवानोंद दुरुस्त करून तो दूर होणारा नव्हे, कारण नोंदीत चूक नाहीच. चूक असली तर ती नियमात आहे.

दुसरा प्रकार लेखणीचा. येथे नियमाने पदक दिलेले असते, पण ते ज्याचे त्याला पोचत नाही, किंवा पोचूनही त्याच्या नावावर चढत नाही. याची मुळे शोधू गेल्यास भरतीच्या दिवसापाशी जावे लागते. गावाहून आलेला तरुण आपले नाव तोंडी सांगतो. कारकून ते आपल्या कानाने ऐकतो आणि रोमन लिपीत उतरवितो. बोली, कान आणि लिपी अशा तीन चाळण्यांतून गेलेले ते नाव पुढे पंधरा-वीस वर्षे कागदोपत्री त्या माणसाचे खरे नाव होऊन बसते.

खानदेशात पहिली चाळणी विशेष बारीक आहे. अहिराणी बोलणाराच्या तोंडी मराठी ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो : डोळा–डोया, काळा–काया, सकाळ–सकाय. ‘ण’चा ‘न’ होतो, हे तर सर्वश्रुतच आहे. आता ‘काळू’ नावाचा एखादा तरुण भरतीच्या मेजापुढे उभा आहे, असे धरू. त्याने घरच्या उच्चाराप्रमाणे नाव सांगितले, तर कारकून ‘कायू’ लिहील. कारकून देशावरचा असून त्याने मनातल्या मनात शुद्ध करून घेतले, तर ‘काळू’ लिहू जाईल. पण रोमन लिपीत ‘ळ’ नाही, तेव्हा कागदावर ‘कालू’ उमटेल. सातबाऱ्यावर तोच माणूस ‘काळू वलद भिका’ असेल. आडनावाचा रकाना भरलाच पाहिजे म्हणून कोणी ‘पाटील’ लिहील, कोणी जातीचे नाव लिहील, कोणी बापाचेच नाव आडनावाच्या जागी नेऊन बसवील. पुढे पलटणीच्या पदकयादीत एक रूप, पेन्शनच्या कागदात दुसरे आणि सेवापुस्तिकेत तिसरे आले, तर तिन्ही माणसे एकच आहेत हे कचेरीने कशावरून ओळखावे? कारकुनाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्यापुढे जे होते, त्यात त्याने याहून फार वेगळे काही केले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

गावाच्या नावाचीही हीच अवस्था. अमळनेर रोमन लिपीत लिहिले की त्यातला ‘ळ’ जातो, आणि जिल्ह्याचे नाव तर काळाप्रमाणे बदलत आले आहे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग झाले व अमळनेर पूर्व खानदेशात आले. १९६० पासून त्यांची नावे जळगाव आणि धुळे अशी आहेत. जुन्या शीट रोलवर जळगाव जिल्हा शोधणाऱ्या नातवाच्या हाती काही लागत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. पलटणींचेही तसेच. पहिल्या महायुद्धातील ११० वी मराठा पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. घरात आजोबांची पलटण ‘एकशेदहावी’ म्हणून ओळखली जाते आणि नंतरच्या कागदात तो आकडा कोठेच दिसत नाही.

उलट, नावाचे लेखन जेथे टिकले तेथे त्याने केवढे काम केले, हेही पाहण्यासारखे आहे. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या अंती ‘नाक’ हा प्रत्यय आहे. महार समाजातील पुरुषनामांचे हे जुने लक्षण. रोमन अक्षरांत वेडावाकडा उतरलेला एवढा एक प्रत्यय त्या लढाईतील महार शिपायांच्या सेवेचा पुरावा ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना लष्करभरतीचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ते पुन्हा उघडावे म्हणून जे अर्ज केले, त्यांचा आधार पूर्वजांची ही लष्करी सेवाच होती. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या चिन्हावर तोच स्तंभ आला. मात्र येथे एक सावधगिरी हवी. प्रत्यय असलेल्या नावावरून जात सांगता येते. प्रत्यय नसलेल्या नावावरून ती नव्हती, असे सांगता येत नाही.

नाव मुळीच न लिहिले गेल्याचा दाखला बसऱ्याचा आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या; कूतच्या वेढ्यात त्या सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडल्यावर कैदेत गेल्या. या मोहिमेत मेलेल्यांसाठी १९२९ मध्ये उघडलेल्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात ही विषमता मान्य केली. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, असा तिचा अंदाज आहे. हा दोष धोरणाचा खरा, पण अशीरगडाच्या पट्टीसारखा तो कायमचा नव्हे. जेथे पलटणीच्या याद्या टिकल्या आहेत, तेथे नाव अजूनही परत लावता येते. परंतु त्या याद्यांतील रोमन रूपांवरून मूळ मराठी नाव सिद्ध कोणी करावयाचे? हे काम मराठी जाणणारानेच करावयास हवे.

प्रसिद्ध माणूसही या गोंधळातून सुटत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव यांचे आडनाव इंग्रजी लेखनात निरनिराळ्या प्रकारे आढळते : कोठे ‘ध’साठी दोन अक्षरे, कोठे नुसता ‘डी’, अखेरीस कोठे ‘व्ही’, कोठे ‘ओ’. यांतील ‘ओ’ निव्वळ चूक नव्हे. अंत्य ‘व’ बोलताना ओष्ठ्य स्वराकडे झुकतो आणि ऐकणाराने तोच लिहिला. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यास अशा लेखनाने काही तोटा होत नाही. राजपत्रात त्याची सारी हकीकत असते. ज्याच्या नावावर केवळ एक मोहिमेचे पदक आहे, त्याचा मात्र एका अक्षराने निकाल लागू शकतो.

मग दुरुस्ती कशी करावी? माझ्या मते भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या शिस्तीने सिद्ध झाली, त्याच शिस्तीने. प्रत्येक कागद हा एक पाठ समजावा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, सातबारा, शाळेचा दाखला, पदकाच्या कडेवर कोरलेले नाव हे सर्व पाठ समोर ठेवावेत आणि भेद कोणत्या उच्चारातून वा कोणत्या लिपिदोषातून झाला, ते एकेका अक्षराबाबत दाखवावे. रेकॉर्ड ऑफिसकडे, मग ते मराठा रेजिमेंटचे बेळगावचे असो की महार रेजिमेंटचे सागरचे, जाणाऱ्या अर्जात ‘नाव चुकीचे पडले आहे’ एवढे मोघम विधान असते. त्याऐवजी ‘या बोलीत ळचा य होतो, म्हणून हे रूप’ असे कारण दिले, तर तपासणाऱ्यालाही आधार मिळतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जाणाऱ्या अर्जांना जोडता येईल असा खानदेशी नावांच्या रूपभेदांचा एक तक्ता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका वर्षात सहज करता येईल. प्रबंधासाठी विषय नाही म्हणून जे विद्यार्थी हळहळतात, त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

मात्र उत्साहाच्या भरात पाठ जुळविण्याचा मोह अनावर होतो, हे पाठचिकित्सेचा अनुभव असलेल्यांस सांगावयास नको. एका गावात दोन ‘काळू भिका’ असू शकतात आणि दोघेही सैन्यात गेलेले असू शकतात. एकाचे पदक दुसऱ्याच्या नावावर चढविणे ही मूळ चुकीहून वाईट चूक होय, कारण ती शास्त्राच्या नावाने झालेली असते. म्हणून ध्वनिनियमाने सिद्ध झालेले साम्य शिपायाच्या क्रमांकाशी ताडून पाहावे. त्यातही पहिल्या महायुद्धाच्या काळातील क्रमांक पलटणीपुरते असत, एकच आकडा दोन पलटणींत दोघांचा असू शके. तेव्हा क्रमांक आणि पलटण ही दोन्ही जुळल्याखेरीज नुसत्या नावावर निर्णय देऊ नये. नाव जुळले आणि क्रमांक जुळला नाही, तर तो कागद बाजूला ठेवून दुसऱ्या काळूचा शोध घ्यावा.