शाळेचा दरवाजा उघडला, शाळेची जागा कुठे गेली?

नव्या गृहप्रकल्पाचा नकाशा मंजूर होतो तेव्हा आपल्या वस्तीत चर्चा कशाची होते? घर किती फुटांचे, ताबा कधी, तोपर्यंत भाडे कोण देणार. त्याच नकाशाच्या एका कोपऱ्यात 'प्राथमिक शाळा' असे लिहिलेला तुकडा असतो. तो इंजिनिअर आणि बिल्डर यांचा विषय आहे असे आपण समजतो. हा समज आपल्याला महाग पडला आहे. तो तुकडा आपल्या चळवळीच्या सर्वात जुन्या लढ्याचा भाग आहे.

१८५६ चा जून महिना. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथल्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने काय केले? मुलाची बाजू न्यायाची आहे हे मान्य केले, आणि तरीही शाळेला प्रवेश देण्याचा आदेश दिला नाही. सवर्ण मुले शाळा सोडतील ही भीती. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांचे पत्र आले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत. कागदावर दरवाजा उघडला.

पण शाळा भरत कुठे होती? अनेक गावांत देवळात, धर्मशाळेत, नाहीतर एखाद्या सवर्णाच्या वाड्यात. जिथे आपल्या माणसाला पायरी चढायची बंदी, तिथे हुकूम दाखवून मूल आत कसे जाणार? आत गेले तरी काय, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. म्हणजे प्रवेशाचा हक्क आणि शाळेची जागा हे दोन वेगळे प्रश्न कधीच नव्हते.

जोतिरावांना हे पक्के ठाऊक होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलेला हिशेब आजही वाचण्यासारखा आहे: सारा भरतो शेतकरी, आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गाची मुले. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. १९२३ चा बोले ठराव आपल्याला महाडच्या तळ्यामुळे आठवतो, पण त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. ही गोष्ट आपण भाषणांत सहसा सांगत नाही.

आता थोडे बाहेर जाऊ, कारण आजच्या नियोजनाची कल्पना बाहेरून आली. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक नियोजनासाठी क्लॅरेन्स पेरी याने 'नेबरहूड युनिट' मांडले. प्राथमिक शाळा मध्यभागी, तिच्याभोवती घरे, मोठा रस्ता न ओलांडता मूल चालत शाळेत. कल्पना सुंदर. पण शाळा शेजारावर बांधली की शेजार कोणाचा हा प्रश्न येतोच, आणि अमेरिकेत तो रंगावर ठरत होता. टोपेका शहरात लिंडा ब्राउनच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती, तिला मात्र दूरच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. १९५४ चा ब्राउन खटला तिथून आला. जातीच्या वस्त्या असलेल्या आपल्या देशाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. विकास आराखड्यात शाळेसाठी जमीन आरक्षित करायची, ही सोय त्यात आहे. आणि त्यातच कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. नोटिशीनंतरच्या मुदतीत (आधी सहा महिने होती, आता चोवीस) संपादनाचे पाऊल उचलले नाही की आरक्षण संपले. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसता पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. मालकाच्या हक्काच्या दृष्टीने निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. कोणाची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे अन्यायच. पण झोपली पालिका, आणि शाळा गेली वस्तीतल्या मुलांची. कोणी 'प्रवेश नाही' म्हटले नाही. धारवाडच्या मुलाला निदान कोणी नाकारले हे तरी कळले होते.

दुसरी मेख शब्दांत आहे. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्यात 'महानगरपालिका शाळा' आणि 'प्राथमिक व माध्यमिक शाळा' ही दोन वेगळी आरक्षणे आहेत. दुसऱ्या प्रकारात खासगी शाळाही उभी राहू शकते. नकाशावर शाळा दिसते, फी कोणाला परवडते ते नकाशा सांगत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात बालवाडी द्यायची आहे. बालवाडीतून बाहेर पडलेले मूल पहिलीला कुठे जाणार, हे त्या नियमात नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने 'शेजारची शाळा' आपल्या कायद्यात आणली. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. गंमत बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने हेच एक किलोमीटर उलटे फिरवले. सरकारी किंवा अनुदानित शाळा तेवढ्या अंतरात असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे ऐकले नाही.

त्या निकालाने खासगी शाळेतल्या जागा वाचल्या. कलम १२७ जागच्या जागी आहे. म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे इतकेच: आपल्या प्रभागाचा विकास आराखडा पालिकेतून मिळवा. त्यात शाळेची आरक्षणे किती, त्यातली पालिका शाळेची किती, आणि प्रत्येकाला दहा वर्षे कोणत्या तारखेला पूर्ण होतात ते वहीत लिहा. ती तारीख यायच्या आधी संपादनाची मागणी लेखी द्या आणि तिची पोच घ्या.